विसार कपाळाला लावला

चहा गरम आहे, फुंकून प्या, आणि कप जरा घट्ट धरा. मी माझी गाडी कशी विकली ते सांगणार आहे. म्हणजे खरं तर माझी अक्कल कशी विकली, ते. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मेहुण्यांनी हसता हसता अख्खा कप सोफ्यावर सांडला. तो डाग बघा, अजून आहे.

तर आमची गाडी. छोटी, तांबडी, एमएच शून्य पाच, म्हणजे कल्याणचं पासिंग. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ती पहिल्यांदा आली तेव्हा इतकी माणसं खाली उतरली की पेढे कमी पडले. आईने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ऐटीत आत बसलो, आणि पुढे जाऊन लिंबू चिरडायच्या ऐवजी मागे जाऊन गेटचा खांब ठोकला. सगळे धावत आले. आई तेवढी शांतपणे म्हणाली, "बरं झालं, दृष्ट निघाली एकदाची."

आई आता नाही. पण मागच्या बंपरवरचा तो पोचा मी कधी काढून घेतला नाही.

त्या गोष्टीला पंधरा वर्षं होत आली. गाडीचं आरटीओत पुन्हा पासिंग करायची वेळ आली, आणि त्यातच आमच्या सायलीने स्वतःच्या पगारातून नवी गाडी बुक केली. दसऱ्याला घरी येणार. आनंदच आहे हो, पण आमच्या सोसायटीचा नियम म्हणजे एका फ्लॅटला एकच पार्किंग. नवी यायची तर जुनीने दसऱ्याच्या आत जागा सोडायला हवी. मी सगळ्यांना सांगितलं, माझी गाडी, मीच विकणार, आणि चांगल्या घरी देणार. कोणी नेऊन तोडून भंगारात घालणार असेल तर मला नको.

आता किंमत. गॅरेजवाला म्हणाला, "काका, एक लाख दहा, खूप झाले." मी एक लाख साठ ठरवले.

"वरचे पन्नास हजार कसले?" मीनाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"आई या गाडीतून तुळजापूरला गेलेली."

"मग ते गिऱ्हाईकाने का द्यायचे?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी किंमत तीच ठेवली. सायलीने मोबाईलवर जाहिरात टाकली. 'एकच मालक. जुनी आहे, पण रनिंग कमी.' मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, ते मला पुढे चावणार आहे.

मग गाडी तयार करायला घेतली. पॉलिश करून आणली, सीटची कव्हरं धुतली, मॅट उन्हात टाकले. सीटखालून काय काय निघालं म्हणता? सायलीची शाळेतली एक रिबीन, आवळासुपारीची डबी, आईच्या जपमाळेतले सुटलेले दोन मणी, आणि दिगूची एक चप्पल. डाव्या पायाची. ते मणी मी खिशात घातले आणि थोडा वेळ तसाच मागच्या सीटवर बसून राहिलो. मीना वर खिडकीतून बघत होती.

दिगू कोण ते सांगायला हवं. दिगंबर, माझा शाळेपासूनचा मित्र, आमच्याच सोसायटीत बी विंगला राहतो. हौशी नाटकवाला. एका एकांकिकेत त्याला सुरुवातीलाच मरायचं होतं, पण तो मरायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यासाठी नाटकाचं बक्षीस हुकलं असं त्याचे ग्रुपवाले आजही म्हणतात. गाडी चालवायला तो शिकला नाही. गरजच काय? माझ्या शेजारची सीट पंधरा वर्षं त्याचीच. आणि पेट्रोलचे पैसे? कधी विचारलेसुद्धा नाहीत बेट्याने.

पहिली दोन गिऱ्हाईकं आली तशी गेली, कारण मला गप्प बसवेना. काचेवर हात ठेवला की मी सुरू. "ही डावी काच ना, हिची गंमत आहे. माळशेजला धुक्यात अडकलेलो तेव्हा वर जाईना, मग आईने पदर लावून..." समोरचा माणूस विचारायचा, "म्हणजे काच बंद होत नाही?" अशी आठवण निघाली की तिच्या शेपटाला एक बिघाड निघायचा. मीनाने कपाळावर हात मारला.

तेव्हा दिगू मदतीला धावला. "अव्या, दोन गिऱ्हाईकं समोरासमोर आली की वस्तूचा भाव चढतो. पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा मी दुसरं गिऱ्हाईक होऊन येतो. तू फक्त तोंड बंद ठेव."

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? दसरा तोंडावर आलेला.

रविवारी सकाळी कल्याणजवळच्या मोहन्याहून म्हात्रे आले. कारखान्यातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. बरोबर त्यांची सून प्राजक्ता. तिला नुकतं लायसन्स मिळालेलं, आणि हात बसायला जुनी गाडी हवी होती. पोरगी गाडीत बसली, आधी आरसा सारखा केला, मग हळूच स्टिअरिंगवरून हात फिरवला. मला तिथेच पटलं, हेच चांगलं घर.

तेवढ्यात गेटमधून रिक्षा आत आली. तिच्यातून दिगू उतरला. सफारी, काळा चष्मा, हातात ब्रीफकेस. बी विंगमधून चालत यायला अर्धं मिनिट लागतं, पण हा भूमिकेसाठी स्टेशनपर्यंत जाऊन रिक्षा करून आलेला. वॉचमन म्हणाला, "काय दिगूकाका, लग्नाला चाललात?"

"आपली ओळख?" दिगूने चष्म्यावरून बघत विचारलं. बिचारा वॉचमन घाबरून केबिनमध्ये गेला.

"मी देशपांडे, नौपाड्याहून आलो," दिगू मला म्हणाला. "जाहिरात वाचली. सुटे आहेत का तुमच्याकडे? रिक्षावाल्याला द्यायचेत." दिले. काय करणार?

आता खरी गंमत ऐका. आमचं ठरलेलं असं, की दिगूने गाडी बघून खूश व्हायचं आणि भाव वाढवायचा. पण नटाला वाटलं, खरं गिऱ्हाईक कधी खूश होतं का? ते नावं ठेवतं. मग हा नावं ठेवायला लागला. आणि गाडीची खोड न खोड त्याला माझ्याइतकीच पाठ.

"मागची डावी काच हाताने ओढून वर घ्यावी लागते वाटतं," दिगू म्हणाला.

म्हात्र्यांनी काच खाली करून बघितली. ती तिथेच राहिली.

"दुसरा गिअर थेट पडत नसणार. आधी तिसऱ्याला हात लावून यावं लागत असेल." प्राजक्ताने करून बघितलं. तसंच होतं. ती दिगूकडे आदराने बघायला लागली.

मी डोळे मोठे केले, खोकलो. पण हा रंगात आलेला. मागचं दार उघडलं, आत नाक घातलं आणि म्हणाला, "आणि या सीटला पावसाळ्यात वास येत असणार, आंबूस. कसला आहे कोण जाणे."

मग माझा तोल गेला. किती ऐकायचं माणसाने?

"कसला म्हणजे? तुझाच आहे. तुझ्या लेकीला, मानसीला, बाळंतपणासाठी ठाण्याला नेत होतो तेव्हा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तूच ओकलास तिथे. ती पोरगी कळा येत असताना शांत बसलेली, आणि हा बाप घाबरून उलट्या करतोय. त्या दिवशी या गाडीने एकदाही दगा दिला नाही, आणि तू हिला नावं ठेवतोस?"

वॉचमनसुद्धा बाहेर येऊन उभा राहिलेला.

दिगूने काळा चष्मा काढला. "पण मी सीट पुसलेली," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही दोघं वळखीचे दिसताय," म्हात्रे म्हणाले.

आता लपवायला काय उरलं होतं? मी सगळं सांगितलं. देशपांडे कोण, बी विंग कुठे, सगळं. शरमेने मान वर होईना. म्हटलं, हे आता उठून जाणार, आणि मोहन्यात सगळ्यांना सांगणार. पण म्हात्रे इतके हसले की त्यांना गाडीला टेकून उभं राहावं लागलं.

"अवो, इतक्या आतल्या गोष्टी कुनी सांगतं का?" डोळे पुसत ते म्हणाले. "आनि मग पोरगी येळेवर पोचली का हास्पिटलात?"

"पोचली तर. नातू झाला. आता शाळेत जातो."

"मंग गाडी पायगुनाची हाय. काच काय, बसवून घेऊ. आमचे सुनंला हीच पायजे. एक पंचवीस देतो, बोला."

प्राजक्ताचा चेहरा खुलला. वरून मीनाने खिडकीतूनच मान हलवली, देऊन टाका. आणि खरं सांगतो, मलाही वाटलं, देऊन टाकावी. एका हाताने मी खिशातले ते दोन मणी चाचपत होतो, दुसरा पुढे करणार, तेवढ्यात मध्ये दिगूचा हात आला. हातात एक हजार एक रुपये.

"एक तीस. हा माझा विसार, बाकीचे नंतर."

आता तुम्हीच सांगा, ज्याने सकाळपासून नाटकच केलं त्याचं मी काय खरं धरायचं? मला वाटलं, याचा अंक अजून संपलेला नाही, पडदा पडता पडता भाव वाढवतोय. नोटा त्याने हातावर ठेवल्या. आणि माझा तो हात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, आपोआप वर गेला. हातात आलेला पैसा कपाळाला लावल्याशिवाय खिशात ठेवायचा नाही, ही आईची शिकवण. मी विसार कपाळाला लावला, डोळेसुद्धा मिटले.

डोळे उघडले तर म्हात्रे हात जोडून उभे.

"चला सूनबाई."

"अहो म्हात्रे, थांबा. हा खरा विसार नाही, हा माझा मित्र आहे, हा उगाच..."

"मित्र हाय म्हनून इसार खोटा होतो काय? तुम्ही घेतला, कपालाला लावला. इसार झालेली वस्तू आमी घेत नाय. आमचे घरात ती रीत नाय." मग वळून म्हणाले, "पन वाईट नका वाटून घेऊ. सकालपासून लय हसलो."

ते गेले. प्राजक्ताने जाताना आरसा पुन्हा होता तसा फिरवून ठेवला.

मी दिगूकडे वळलो. शाळेपासून साठवलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर आलेल्या. पण हा गाडीच्या टपावर हात ठेवून उभा. डोळ्यांत पाणी. आणि हे त्याच्या नाटकातलं नव्हतं, कारण नाटकात रडताना तो आधी प्रेक्षकांकडे बघतो.

"अव्या, मी आता नाटक नव्हतो करत रे," तो म्हणाला. "ती पोरगी तुझ्या शेजारच्या माझ्या सीटवर पर्स ठेवून बसली ना, तेव्हा मला कसंतरी झालं. माझं पार्किंग रिकामंच आहे. राहू दे इथे."

मी विसार खिशात घातला. वरून मीना ओरडली, "झाला का सौदा? पोहे गार होतायत."

तर गाडी विकली गेली. ए विंगच्या पार्किंगमधून बी विंगच्या पार्किंगमध्ये. पासिंगही नवीन झालं. सायलीची नवी गाडी दसऱ्याला वेळेवर आली, पेढे वाटले, लिंबू तिने पहिल्या फटक्यात चिरडलं, आणि गेटचा खांब वाचला. चांगल्या घरी द्यायची होती, तशी दिली. फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. गाडीच्या नव्या मालकाला गाडी चालवता येत नाही.

त्यामुळे दर रविवारी सकाळी दिगू खालून हाक मारतो, मी जाऊन स्टिअरिंगवर बसतो आणि तो माझ्या शेजारी, त्याच्याच गाडीत. पंपावर पोचलो की न विसरता माझ्याकडून पेट्रोलचे अर्धे पैसे घेतो, कपाळाला लावतो आणि खिशात टाकतो. आणि सिग्नलला ओळखीचं कोणी दिसलं की काच खाली करून, माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "हा माझा ड्रायव्हर. जुना आहे, पण रनिंग कमी."