पुढच्याला बारीक, मागच्याला मोठे छर्रे

ती घटना आठवली की आजही, खोलीत एकटा असलो तरी, मी एकदा इकडेतिकडे बघून घेतो.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्याच्या अंगाला मी फौजदार होतो. लॉकअपचे गज इतके तापायचे की शिपाई त्यांवर भाकरी शेकून घेत. भाकरीचं सोडा, पण गज तापायचे हे खरं. ठाण्याच्या रांजणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली मुद्देमालाच्या कपाटात. निम्मा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडत होता. उरलेला सोसायटीची निवडणूक लढवत होता.

अशात उमापूरच्या बाजारातला एक चहावाला, आमचा खबरी, मागच्या दारानं आत आला.

"साहेब, लई मोठं कांड हाय. चेअरमननं छर्रे घेतले. डबीभर!"

हे चेअरमन म्हणजे जवळच्याच एका गावचे मोठे जमीनदार. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. त्यांच्या सहीशिवाय सोसायटीतून खताचं पोतं हलायचं नाही.

"कुणासाठी?"

"तेच तर! दुकानदाराला म्हनले, पुढच्याला बारीक दे, मागच्याला मोठे लागतेत."

विरोधी पॅनेलच्या प्रचारफेरीत प्रमुख पुढे चालायचा आणि त्याचा मेहुणा मागे. प्रमुख काडीसारखा, मेहुणा रेड्यासारखा. बारीक आणि मोठे, हिशेब चोख बसला. मी जीपमध्ये मावतील तेवढे शिपाई घेतले, न मावणारे दोघे टपाला धरून आले, आणि आबांना एस.टी.च्या थांब्यावर, भर बाजारात, पिशवीसकट उचललं. असा गाजावाजा झाला की बाजारातली म्हैस दाव्यासकट पळाली म्हणतात.

पंचनाम्यात मिळालं ते असं: दोन आकाराचे छर्रे, हातोडी, ठोकायचा एक लोखंडी पंच आणि नट खोलायचे पापडासारखे पातळ पाने. असले पाने आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते.

मी चौकशीची तयारी केली. बाही सरसावली, आवाज खाली आणला. आबांनी मला काही करूच दिलं नाही.

"छर्रे कशाचे?"

"बंदुकीचे."

"आणि हे पाने?"

"बंदूक खोलायचे."

"बंदूक कुठाय?"

"फेकली हिरीत."

मी जमादाराकडे बघितलं, जमादारानं माझ्याकडे. आमच्या ठाण्यात कोंबडीचोरसुद्धा पहिल्या दमात कबूल व्हायचा नाही. इतकी आयती कबुली पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र संशयाची खाज सुटली. मी डबीतला एक छर्रा उचलून दाढेखाली धरला. बंदुकीचा छर्रा शिशाचा असतो, चावला की दबतो. हा दबला नाही. दबली माझी दाढ, आणि तिचा टवका मी खिशात घालून उठलो.

तेवढ्यात आमचा हवालदार टपाल वाटून आला. त्याची सायकल आली की ती वेशीपासून ऐकू यायची. चाक डुगडुगायचं आणि मधून दळल्यासारखा आवाज निघायचा. आबांनी कान टवकारले. सायकल खिडकीखाली आली तसे ते कळवळले.

"ओ हवालदार, छर्‍याची वाटी खाल्ली की तिनं! चाकाचा कोन इतका आवळून कावून चालविता?"

बोलून गेले आणि जीभ चावली. सायकलच्या पुढच्या चाकात बारीक छर्रे असतात आणि मागच्यात मोठे, हे मला त्या क्षणी आठवलं.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही सायकली दुरुस्त करता?"

त्यांनी मान खाली घातली आणि सांगून टाकलं. शिकायला बीडच्या बोर्डिंगात असताना शेजारच्या सायकल मार्टात हौसेनं हे काम शिकले होते. यंदा रान जळालं, विहीर आटली. खडीच्या रस्त्यावर मजुरांच्या सायकलींच्या चाकांचे हब भरडून निघत होते, म्हणून आबा दूरच्या कामावर तोंडाला उपरणं बांधून दुरुस्तीला बसायचे. कुणी विचारलं तर परजिल्ह्यातला म्हणून सांगायचे.

"माझ्या ओसरीवर वहाणा काढून बसनारी मानसं हायेत ती," ते म्हणाले. "त्यांचं चाक मी मांडीवर घेतो, साहेब. गावाला कळलं तर तोंड कुठं लपवू? बंदुकीचंच राहू द्या. बेड्या घाला अन् गावातून एक चक्कर मारा."

"आबा, बेड्या गुन्ह्याला घालतात, हौसेला नाही."

जमादार हसायला निघाला होता, पण आबांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि तो बाहेर गेला. मला माझ्या गणवेशाची बटणं टोचायला लागली. चोराला उघडं पाडताना असं होत नाही.

दुपारी त्यांच्या मालकीण आल्या. पदर कपाळाच्याही खाली. आबा आतल्या खोलीत होते, दार नुसतं लोटलेलं.

"साहेब, कुनाला मारनार व्हते हो?" त्यांनी विचारलं. "मगाशी टँकरवर गेले तर बाया बाजूला झाल्या. म्हनल्या, तुमी आधी भरा. भ्याल्या मला. रिकामी घागर घेऊन माघारी आले."

मी लोटलेल्या दाराकडे बघितलं. उत्तर द्यायचा हक्क माझा नव्हता. दार करकरलं आणि आबा उंबऱ्यात उभे राहिले.

"कुनाला मारनार न्हवतो. सायकली दुरुस्त करतो मी. खडीवर."

बाई एकदम भडकल्या.

"म्हंजे कापडावरचं ते वंगन सायकलीचं व्हय? धुवून धुवून माझी बोटं सोलली, अन् तुमी म्हनता इंजिनाचं! हिरीत थेंब न्हाई तर इंजिन कशाला चालतंय, येवढं कळत न्हाई मला? मी म्हनलं, तिकडं दुसरं घर केलं!"

"दुसरं घर?" आबा गार पडले.

"मग काय समजू? पाने हायेत म्हनला असता तर शेजारी बसून छर्रे पुसले असते."

मी स्टेशन डायरीत खरं तेच लिहिलं: सायकलचं सामान, मुद्देमाल परत, इसमास सोडले. आबा पिशवी घेऊन आवारात आले. फाटकाबाहेर बंदूकवाला बघायला जमलेली गर्दी होती, त्यांच्या गावचीही. ते क्षणभर थांबले. मग हवालदाराची सायकल उलटी केली, चाक काढलं आणि खाली बसून मांडीवर घेतलं. उपरणं खांद्यावरच राहू दिलं. पातळ पान्यानं कोन सोडवला, पंच लावून खाल्लेली वाटी ठोकून काढली. मालकिणींनी पदराची झोळी पुढे केली, छर्रे घरंगळू नयेत म्हणून. आबांचे कान लाल झाले होते. गर्दीतून कुणीतरी "चेअरमन हाय की मिस्त्री बे?" म्हणून हाळी दिली. आबांचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. आवारात उभे असलेले आम्ही सगळे वर्दीवाले जमिनीकडे बघत होतो.

निवडणुकीत आबा पडले. विरोधकांनी म्हणे प्रचारात सायकलचं चाकच मिरवलं. म्हणजे त्यांची भीती खोटी नव्हती, आणि तो गाजावाजा माझ्या जीपनं केला होता.

पुढे नोकरीत खून, दरोडे, सगळं पाहिलं. पण कुणी समोर बसताच घडाघडा कबूल व्हायला लागला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि आधी त्याच्या घरी कोण आहे ते विचारायचो. त्या माणसाला बंदूक कबूल करायला एक श्वास पुरला होता. काम कबूल करायला दुपार उलटली; कायद्यापुढे ते त्याच्या तोंडून निसटलं होतं, आपणहून कबूल केलं ते बायकोपुढे.