बाकावरच्या ताई

ताई प्रवासाला जायच्या त्या बसायला, बघायला नव्हे. त्यांच्याबरोबर स्वित्झर्लंडला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याने रेल्वेचे पास काढून ठेवले होते, कुठल्या शिखरावर कधी ऊन असतं याचा अभ्यास केला होता. मी पुणेकराच्या दूरदृष्टीने कुकर, तांदूळ आणि मेतकूट गाडीत भरलं होतं. पहिल्या सकाळी आम्ही बूट चढवून तयार, आणि ताई तळ्याकाठच्या लाकडी बाकावर शाल गुंडाळून बसलेल्या. म्हणाल्या, "तुम्ही या फिरून. मी इथे बसून राहते." संध्याकाळी आम्ही दोन शिखरं आणि एक धबधबा उरकून, परतीच्या गाडीत एकमेकांशी भांडून आलो, तर बाई तिथेच.

पण त्यांनी पाहिलं मात्र आमच्याहून जास्त होतं. समोरच्या उतारावर एक म्हातारा लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापतो, गायी उतरल्या की त्यांच्या घंटांचा आवाज आधी पाण्यावरून येतो, दुपारी ढग तळ्यातून निघून देवदारांमधून वर चढतो, असं सगळं त्यांनी जेवताना सांगितलं. आमच्याकडे ढीगभर फोटो होते आणि त्यातलं कुठलं शिखर कुठलं यावर आम्ही आजही वाद घालतो. नवऱ्याने तेव्हाच त्यांचं नाव 'बाकावरच्या ताई' ठेवलं. त्यांना ते आवडलंही.

हॉलंडमधल्या आमच्या गावात, हूफडॉर्पला, त्या शेजारच्या घरात राहायच्या. पन्नाशीच्या, एकट्या, मूळच्या नागपूरच्या. हार्लेमजवळच्या एका प्रयोगशाळेत पाण्यातल्या शेवाळावर त्यांचं संशोधन चालायचं. इतकी वर्षं परदेशात काढूनही 'करून राहिली', 'जाऊन राहिली' काही सुटलं नव्हतं. मी चिडवलं की म्हणायच्या, "समजून राहिलं नं तुला? मग झालं तर."

हे बसण्याचं वेड त्यांच्या बाबांचं. बाबा कापड गिरणीत होते. आई लवकर गेलेली, ताईंना वाढवलं ते बाबांनी आणि त्यांच्या विधवा बहिणीने, म्हणजे ताईंच्या आत्याने. सुट्टीच्या दिवशी बाबा लेकीला अंबाझरी तलावावर न्यायचे. होडी नाही, भेळ नाही. दोघं काठावर बसायची आणि अंधार पडला की घरी यायची. त्या पहिल्या सहलीहून परतल्यावर ताईंनी ठरवलं की बाबांना एकदा त्या स्विस गावातल्या बाकावर आणून बसवायचं. मग उतारवयात बाबांचा पहिला पासपोर्ट निघाला. ताईंनी गावात तळमजल्यावरची जागा धरली. आत्याने मात्र घराला कुलूप कशाला म्हणून यायचं नाकारलं. बाबांनी कानटोपी विकत घेतली आणि सवय व्हावी म्हणून नागपूरच्या मार्च महिन्यात ती घरात घालून बसू लागले.

त्याच मार्चमध्ये साथ आली आणि सगळं बंद झालं. स्किपोल विमानतळाच्या इतक्या जवळ राहून आम्ही विमानांच्या आवाजाला बहिरे झालो होतो. आता आभाळ इतकं गप्प झालं की घरात टाचणी पडली तरी दचकायला व्हायचं. ताई घरासमोरच्या बागेत खुर्ची टाकून बसायच्या, मी आमच्या पायरीवर, मध्ये नियमाचं दीड मीटर अंतर. जागेची तारीख आधी शरद ऋतूपर्यंत पुढे गेली, मग आणखी एक वर्ष. दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, बाक आहे नं तिथे अजून? ताई सांगायच्या, आहे बाबा, कोणी बसत नाही सध्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये बाबा आजारी पडले. ताईंनी बॅग भरली. बाबांनी धाप लागलेली असताना फोनवर सांगितलं, "येऊ नको. अडकशील, नोकरी जाईल." ताई भरलेल्या बॅगेशेजारी बसून राहिल्या आणि त्यांनी बाबांचं ऐकलं. आयुष्यभर ऐकतच आल्या होत्या. पुढे भारतातून येणारी विमानं बंद झाली, आणि त्याच आठवड्यात बाबा एका इस्पितळाच्या व्हरांड्यातच गेले. चुलतभावाने फोनवर स्मशान दाखवलं. प्लास्टिकच्या पोशाखातली माणसं, धूर आणि मध्येच अडकणारं चित्र.

आपल्याकडे घरात कोणी गेलं की माणसं येऊन बसतात. फार बोलत नाहीत. कोणीतरी चहा टाकतं, कोणी उठतं, दुसरं कोणी येऊन बसतं. इथे तेव्हा घरात पाहुणा म्हणजे एखाददुसराच चालायचा. आइंडहोवनच्या, हार्लेमच्या ओळखीच्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधीही पडद्यावरच झाला. ताई पांढरी साडी नेसून बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून बसल्या, मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मास्क लावून. भन्तेजींचा आवाज तुटत होता. पंचशील म्हणताना प्रत्येक चौकटीतला माणूस वेगळ्या ओळीवर होता. मग एकेक चौकट विझली. ताई म्हणाल्या, "सगळे गेले पण. आले तरी कुठे होते म्हणा."

सप्टेंबरात त्या पुढे ढकललेल्या जागेची तारीख आली. मी म्हटलं, रद्द करून टाका. त्या म्हणाल्या, तुम्ही चला. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस होता. घरमालकीण, एक किडकिडीत म्हातारी, दारात उभी होती. तिने गाडीत वाकून पाहिलं आणि वडील कुठे आहेत म्हणून विचारलं. तिला कोणी कळवलंच नव्हतं. आत तिने न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून रबरी चटई अंथरली होती, हातांची उंच खुर्ची आणून ठेवली होती, भारतातून येणाऱ्या माणसाला थंडी वाजेल म्हणून पलंगावर जास्तीचं लोकरी पांघरूण घातलं होतं. ताईंनी ते सगळं हात लावून पाहिलं. मग बाबा एप्रिलमध्ये गेल्याचं सांगितलं. म्हातारीने चहा केला, ताईंसमोर स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसली. चहा निवला तरी ती उठली नाही. मी बाहेर सामान उतरवत राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

त्या खेपेला आम्ही पास काढलेच नाहीत. धुक्यात एकही डोंगर दिसत नव्हता, तळंही काठापुरतंच. आम्ही सगळे रिमझिमीत बाकावर बसलो. एरवी मराठी प्रश्नाला डचमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी ताईंच्या डोक्यावर छत्री धरून बसली होती. बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या की त्या नागपूरला कायमच्या परत जाणार आहेत. आत्या आता त्या घरात एकटी होती आणि दर फोनवर मुळीच येऊ नको म्हणून बजावत होती. "बाबा येऊ नको म्हणाले, मी ऐकलं," ताई म्हणाल्या. "आता आत्या तेच म्हणून राहिली. ह्या वेळी मी नाही ऐकणार."

माझा नवरा व्यवहारी. त्याने पक्की नोकरी, पेन्शन, राहण्याचा परवाना, एकेक मुद्दा मांडला. खरं आहे तुमचं, असं ताई प्रत्येक मुद्द्याला म्हणाल्या. मला तर रागच आला होता. ऐंशी ओलांडलेल्या बाईसाठी सगळं सोडायचं, ती अशी किती दिवस असणार, असं मी बोलूनही गेले. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. "किती का असेना," एवढंच म्हणाल्या.

थंडी सुरू होता होता त्या परत गेल्या. नागपूरला आत्याने दारातच झापलं की सांगितलं होतं नं येऊ नको. आणि मग दिवसभर ताईंचं मनगट धरून स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून खोलीत त्यांच्या मागे मागे फिरली. हे सांगताना ताई फोनवर हसत होत्या. इकडे शेजारच्या घरात एक डच जोडपं राहायला आलं. भली माणसं आहेत, दिसली की हात करतात.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. घरात, आपल्या अंथरुणावर, ताईंचा हात हातात असताना. मला कळलं तसा मी फोन केला. पलीकडे एवढा गलबला होता की ताईंचा आवाज नीट येईना. कपबशा वाजत होत्या, एक पोर रडत होतं, कोणी आणखी एक सतरंजी मागत होतं. मी विचारलं, ताई, कोणी आहे ना तुमच्याजवळ?

"आहेत," त्या म्हणाल्या. "दारात चपला काढायला जागा नाही." आणि मग, बाबा गेल्यापासून कधी मोठ्याने न रडलेल्या ताई त्या सगळ्या माणसांत बसून पोटभर रडल्या. मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.