चौदा जणी लोर्ना

लोर्ना डाइकस्ट्रा सव्वीस वर्षं शाळेची बस चालवते. तिच्या बसमध्ये च्युइंगम चघळणाऱ्याची खैर नसते. मी तिच्याच डेपोतली नऊ नंबरची बस चालवते म्हणून सांगते, मिशिगनच्या बर्फातसुद्धा तिची बस कधी उशिरा गेलेली नाही. या जानेवारीत तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सरच होता. ऑपरेशन तीन मार्चला ठरलं.

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुई घालून तुकडाही तपासून झाला. तरी सर्जन हॅलोरनबाई म्हणाल्या, "मला एमआरआय हवा. तुमच्या मॅमोग्राफीत नीट काही दिसत नाही. आत आणखी काय दडलंय ते कळल्याशिवाय मी सुरी लावणार नाही." मशीन रिकामं होतं, डॉक्टर तयार होत्या, पण आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. आधी विमा कंपनीला हो म्हणावं लागतं. कंपनीचं पत्र आलं : वैद्यकीय गरज दिसत नाही. ज्याने ते लिहिलं त्याने लोर्नाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मेल्याला गरज दिसणार कुठून!

फेरविचारासाठी फोन लावायचा आणि दोन-दोन तास त्यांचं संगीत ऐकत बसायचं. मध्येच लाइन कापली की पुन्हा पहिल्यापासून. त्यांची कचेरी उघडी असते तेव्हा लोर्ना बसवर नाहीतर तिच्या दुसऱ्या नोकरीवर, शाळेच्या स्वयंपाकघरात. स्टिअरिंगवर फोनला हात लावला तर नोकरी जाते, आणि रजा ऑपरेशननंतरसाठी राखलेली. मी म्हटलं मी लावते, तर कंपनीची बाई म्हणाली, आम्ही फक्त पेशंटशीच बोलतो.

इकडे गावाला प्रेमाचा पूर आलेला. बसच्या आरशांना स्तनांच्या कॅन्सरच्या गुलाबी रिबिनी बांधल्या. पाद्र्याची बायको विल्मा हिने तक्ता केला, कोणी कोणत्या दिवशी लोर्नाकडे जेवण पोचवायचं. एक दिवस ती तक्ता घेऊन डेपोत आली आणि लोर्नाचा भडका उडाला.

"विल्मा, माझा फ्रीज बंद होत नाहीये! चीज-बटाट्याचे अकरा ट्रे! मला बटाटे नकोत गं, मला ते मशीन हवंय!"

"अगं, मग आम्ही काय करू ते तरी सांग."

"फोन धरून बसा."

"पण ते तर फक्त तुझ्याशीच बोलतात ना?"

"मग लोर्ना व्हा!"

विल्मा क्षणभर घुटमळली. खोटं बोलणं म्हणजे पाप, हे तिचा नवरा दर रविवारी सांगतो. मग तिने पेन काढलं, तक्त्यावरच्या पदार्थांवर काट मारली आणि तिथे तास लिहिले. ओळख पटवायला कंपनी जन्मतारीख विचारते, म्हणून लोर्नाची जन्मतारीख गावभर झाली. चौदा जणांनी पाळीपाळीने लोर्ना व्हायचं पत्करलं. त्यात आमचा मेकॅनिक गेरिटही होता, ज्याचा आवाज म्हणजे खडीची गाडी.

"हो, मीच लोर्ना," तो गुरगुरला. "घसा बसलाय जरा."

"लवकर बऱ्या व्हा हं, मॅडम," पलीकडून आलं आणि लाइन कापली गेली. आम्ही पोट धरून हसलो. रात्री मात्र मला त्या हसण्याचा संताप आला. एका बाईच्या जिवासाठी दाढीवाल्याने बाईचा आवाज काढायचा, हे काय हसण्यासारखं आहे?

नवव्या दिवशी विल्मा फोनवर अशी काही रडली की तिला कंपनीच्या वरच्या डॉक्टरकडे जोडून दिलं. मंजुरी आली. पाद्र्याच्या बायकोइतकं सफाईदार खोटं आमच्यापैकी कोणालाच जमलं नाही.

लोर्ना त्या मशीनमध्ये अर्धा तास पालथी पडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आत ठोक ठोक चाललं होतं, आणि मी प्रत्येक ठोक्याला त्या पत्रवाल्याला एक शिवी घातली."

एमआरआयमध्ये डावीकडेही एक ठिपका निघाला. त्याचा तुकडा तपासला, तोही कॅन्सरच. ऑपरेशनच्या पाच दिवस आधी हॅलोरनबाईंनी आम्हाला बोलावलं. मी लोर्नाबरोबर होते.

"दोन्ही बाजू एकाच वेळी करू," त्या म्हणाल्या. "एमआरआय नसता तर डावीकडचं तसंच आत राहिलं असतं. नशीबवान आहात."

"नशीब?" लोर्नाने टेबलावर हात आपटला. "डॉक्टर, चौदा माणसं नऊ दिवस माझ्या नावाने खोटं बोलली, तेव्हा तुम्हाला हा ठिपका दिसला. त्याला नशीब म्हणता? ज्या बाईला चौदा माणसं नाहीत तिने काय करायचं?"

हॅलोरनबाईंनी दाराकडे बोट केलं.

"तशी एक आत्ता बाहेर बसली आहे," त्या म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. तिशीतली एक बाई अंगातला कोटही न काढता एकटीच बसली होती आणि तिच्या हातात विमा कंपनीचं तसलंच पत्र होतं. लोर्ना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुझी जन्मतारीख सांग."