नऊ नंबरचा पॉइंट

माझी शेवटची पोस्टिंग कुठली असं कोणी विचारलं, तर मी काश्मीर सांगत नाही. आमच्या गावचा फाटा सांगतो. अकोटच्या अलीकडे, मोठ्या रोडवरून नऊ किलोमीटर आत आमचं गाव. तिथं दोन वर्षांआधीच्या पौषात मी एक ड्युटी लावली. तेवढीच सांगतो.

मी इन्फंट्रीतून हवालदार म्हणून सुटलो. गाव मेजर म्हणते. सुरुवातीला मी सांगून पाहिलं की बाप्पा, मेजर मोठा अफसर असते. कोणी ऐकलं नाही. शिक्षण सातवी. लिहायची सवय फक्त ड्युटी चार्टची.

फौजेत माझं बरंच काम आर.ओ.पी.चं. म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायच्या आधी पहाटे रस्ता पायी तपासायचा. वळण, झाड, पुलिया म्हणजे छोटा पूल, जिथं धोका तिथं एक जवान उभा करायचा. मग वायरलेस सेटवर एकेकाला विचारायचं.

"वन?"

"वन ओके."

"टू?"

"टू ओके."

सगळे ओके आले की गाड्या सुटतात. शेवटची गाडी जाईपर्यंत जवान जागा सोडत नाही. कोण कुठं उभा राहणार, हे मी लिहायचो.

एका पहाटे धुकं होतं. पाच नंबरला, पुलियावर, लान्स नायक धनराज होता. चांदूर रेल्वेकडचा. सेटवर आवाज आला, "फाइव्ह. पुलियाखाली तार दिसते. गाड्या थांबवा." मी कॉन्व्हॉय थांबवला. सहा वाजून दहा मिनिटांनी स्फोट झाला. गाड्या वाचल्या, धनराज नाही. धनराजचं नाव त्या कागदावर माझ्या अक्षरात होतं.

आता गावचं सांगतो.

स्वरा आमच्या गल्लीतल्या विनोद माळ्याची पोरगी. आठ वर्षांची. मला आबा म्हणते. तिच्या हाडातलं रक्त बनणंच बंद झालं. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रक्त देत राहा, प्लेटलेट देत राहा, भावाचा मॅरो, म्हणजे हाडातला मगज, जुळतो का ते पाहू. विनोदचा भाजीपाल्याचा धंदा बसला. तेव्हा गावानं पोरगी उचलून घेतली. रक्त द्यायला कोण कधी जाणार, डबा कोण नेणार, विनोदच्या वांग्याले पाणी कोण सोडणार, याचे चार्ट मी बनवले. पोरीला शिंक चालत नव्हती, म्हणून गल्लीच्या तोंडाशी सिंधूबाई बसायची. सर्दीवाल्याला आत सोडायची नाही. सरपंचालाही एकदा परत पाठवलं. "नाक पुसून ये आंधी," म्हणाली.

पौषात पोरीला ताप आला. अकोल्याहून इरफान नावाचा ड्रायव्हर ॲम्ब्युलन्स घेऊन दुपारी गावात आला. डॉक्टर फोनवर बोलला की रात्रभर पाहा, रक्त सुटलं तर एक मिनिट थांबू नका. चार पोरं प्लेटलेट द्यायला आधीच अकोल्याला पोचली होती.

रस्त्याचं काम चालू होतं. इरफान आला तेव्हा नाल्याची पुलिया सरळ होती. संध्याकाळी मशीननं तिची डावी बाजू कापून टाकली. खाली दीड पुरुष खड्डा. बोर्ड नाही, दगड नाही. आणि पौषातलं धुकं असं येते की बैलाला आपली शिंगं दिसत नाहीत.

मी म्हटलं, आर.ओ.पी. लावू.

बारा पॉइंट काढले. प्रत्येकाजवळ टॉर्च आणि हिरवं कापड. हिरवं कापड घरात एकच होतं, कमलचं लुगडं. कमल माझी बायको. त्याच वर्षीच्या पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी गेली होती. ताप आला नि दोन दिवसांत संपली. तिच्या पेटीला मी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला आणि लुगड्याचे बारा तुकडे फाडले. चार्ट लिहिला, बबनच्या किराणा दुकानावर चिकटवला. आठ नंबर बबनकडेच होता. बारा नंबर, म्हणजे फाटा, मी घेतला. मोठ्या रोडवर कापसाच्या गाड्या अडवायच्या होत्या.

चारला दहा मिनिटं कमी असताना सगळे निघाले.  बायाही. धुक्यात माणसं एकेक करून विरघळत गेली आणि मागं फक्त टॉर्चचा पिवळा ठिपका उरला. मी सर्व्हिसमध्ये खूप पहाटा पाहिल्या. स्वतःच्या गावाचा रस्ता असा दिसलेला पाहिला नव्हता. ओळखीचं बाभळीचं झाड अंगावर येत होतं.

सहा वाजता विनोदचा फोन आला.

"आबा, तोंडातून रक्त येऊन राहिलं. थांबतच नाही."

"गाडीत टाक. मी रोल कॉल घेतो. बारा ओके आले का सोडतो."

मी फोन लावत गेलो.

"वन?"

"हाओ आबा."

"ओके म्हन."

"ओके म्हनलं."

तीनला सिंधूबाई. "उभी हाओ मेजर. मांगं कोनीतरी चालून राहिल्यासारखं वाटते, पन उभी हाओ."

"मांगं पाहू नको. रस्त्याकडं पाय."

आठला बबन. "ओके. मले माहा हात दिसून नाही राहिला, पन ओके."

मग नऊ. नऊ म्हणजे ती कापलेली पुलिया. नऊला कोण, हे मला आठवावं लागलं नाही. बोट आपोआप नंबरावर गेलं. घंटी वाजली. वाजत राहिली. मी मनात म्हटलं, फोन कमरेला खोसला असंल, पदराखाली आवाज येत नसंल. पुन्हा लावला. दुसऱ्यांदा वाजत असताना माझ्या ध्यानात आलं.

मी कमलला फोन लावत होतो.

तिचा फोन घरी देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात असतो. मी तो अजून चार्ज करतो. पुलियाला लागून आमचं वावर आहे. चाळीस वर्षं त्या वेळेला कमल तिथं असायची. मी चार्ट लिहिला तेव्हा नऊच्या पुढं 'कमल' लिहिलं. हात थांबला नाही. बारावा तुकडा तिच्यासाठी म्हणून घरातच खुंटीला अडकवून आलो होतो.

नऊ नंबरला कोणी नव्हतं.

आठला फोन लावला. "बबन, नऊवर पयत जाय!"

"मेजर, गाडी आत्ताच गेली माह्याजवळून."

माझ्या ओकेसाठी गाडी थांबली नव्हती. पोरीच्या आईनं थांबू दिली नाही. बरोबर केलं तिनं. इरफानला तीनदा फोन लावला. उचलला नाही. मी फाटा सोडला. ड्युटीवर जागा सोडली, आयुष्यात एकदाच. गुडघे सत्तर वर्षांचे आहेत. पळालो म्हणणार नाही, पण थांबलोही नाही. कान पुढं लावून होतो. लोखंड आपटल्याचा आवाज येईल म्हणून. घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

आवाज आला नाही. काहीच आला नाही. रातकिडेही नव्हते.

मग धुक्यातून दोन लाइट आले. मी बाजूला झालो. ॲम्ब्युलन्स माझ्याजवळून गेली. मागच्या काचेत विनोदच्या बायकोची पाठ दिसली. दहा आणि अकरावाल्यांनी नंतर सांगितलं, गाडी नीट गेली, कापडं दाखवली. फाट्यावर कापसाचे ट्रक लागलेच नव्हते.

मी पुलियापर्यंत गेलो. कोणी नव्हतं. बबन धापा टाकत दुसऱ्या बाजूनं आला. टॉर्च खाली मारला. चाकाची खूण सरळ डाव्या अंगाला गेली होती. कापलेल्या जागेपासून हातभर अलीकडं थांबली होती. मग मागं घेऊन उजवीकडून निघाली होती.

नऊ वाजता इरफानचा अकोल्याहून फोन आला. प्लेटलेट चढल्या, रक्त थांबलं. मी विचारलं, पुलियावर काय झालं?

"चाचा, मी तर सरळ चाललो होतो. तुमची बाई आडवी आली म्हून ब्रेक मारला."

"कोन बाई?"

"तुमीच उभी केली होती ना? हातात कापड होतं. कलर नाही समजला. तिनं बाजूनं निघायले हात दाखवला. मंग गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, का जा."

"तोंड पायलं?"

"धुक्यात कुठं चाचा. बुढी होती येवढं कळलं."

आता दोन थापा कोणताही क्लीनर मारतो. फौजेतही मारतात. कमल क्वार्टरमध्ये राहायला आली तेव्हा तिथं शिकली. मी सुट्टी संपवून निघालो की अकोटच्या स्टँडवर एस.टी.च्या पत्र्यावर दोन थापा मारायची. कंडक्टर चिडायचा, "बाई, घंटी माह्याकडं हाये." ती म्हणायची, "मंग वाजव ना. मी काय नाही म्हनलं?"

त्या दिवशी दुपारी मी गावातल्या सगळ्या बायांना विचारलं. घरोघर गेलो. पुलियाकडं कोणी गेलं नव्हतं. शेवटी बबनच्या दुकानावर गेलो. चार्ट तिथंच चिकटलेला होता.

"बबन, यादी वाचली होती तू?"

"वाचली."

"नऊवर नाव पायलं?"

तो साखर बांधत राहिला. "साऱ्याइनं पायलं, मेजर."

"मंग काहून नाही बोलले बे?"

"कोन बोलीन तुमाले?" मग म्हणाला, "आमाले वाटलं, काकूच्या जागी तुमी कोनाले तरी सांगतलं असंल. म्हून नाव तसंच ठेवलं."

 चूक माझी होती. चार्टवाल्याची चूक दुसऱ्या कोणाची नसते. धनराजच्या वेळी चूक नव्हती, तरी मी ती अजून धरून आहे. इथं तर पोरगी आत होती.

पुढं भावाचा मॅरो जुळला. स्वरा आता घरी आहे. केस पुन्हा आले. सिंधूबाई तिला ओरडते की पळू नको, आणि ती पळते. रस्ता सिमेंटचा झाला. पुलियाला कठडे लागले. पॉइंट लावायची गरज उरली नाही. चार्ट मी बबनकडून काढून आणला आणि पेटीत ठेवला. नऊ नंबरवरचं नाव खोडलं नाही. फौजेत ड्युटी झाली की नावापुढं टिक मारतात. बारा टिका मारल्या.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्यानंतर मला बोलायला उभं करतात. मी भाषण करत नाही. दोन नावं घेतो. लान्स नायक धनराज, पाच नंबर. कमल, नऊ नंबर. सॅल्यूट मारतो, खाली बसतो. कोणी काही विचारत नाही.

भुताखेतावर माझा विश्वास नाही. जे पाहिलं तेवढं लिहिलं. एकच गोष्ट राहिली. त्या सकाळी दहा जणांनी आपापले तुकडे परत आणून दिले, अकरावा माझा. दवानं सगळे ओले होते, मी ते दोरीवर वाळत घातले. बारावा घरात खुंटीला होता, मी अडकवला तसाच. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो.

हात लावून पाहिला नाही.