रविवारकाकांच्या शेवटच्या रविवाराबाबत

प्रति,
ज्यांच्या अखत्यारीत हा विषय येत असेल ते. (ते कोण, याचा शोध अर्जदारास अद्याप लागलेला नाही.)

अर्जदार : महादेव बाबू शिगवण, वय पन्नाशीपुढे, धंदा अर्जलेखन, बैठक रत्नागिरी येथे कचेरीच्या फाटकाबाहेर.
ज्यांच्याविषयी : कै. शमुवेल यशवंत साळवी ऊर्फ रविवारकाका, धर्म ख्रिस्ती, मिरजोळे येथील मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात पूर्वी मशीन ऑपरेटर.
घटनेचा दिवस : पाऊस सरल्यानंतरचा एक रविवार. तारीख मुद्दाम लिहीत नाही. वार महत्त्वाचा आहे.
साक्षीदार : मयताची कन्या रूथ, परिचारिका, मुंबई, चर्चच्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आणि बाळू, ज्याने खड्डा खणला.
तक्रार कोणाविरुद्ध : हा रकाना कोरा ठेवावा लागत आहे. माझ्या उभ्या धंद्यात अशी वेळ प्रथमच आली.

वस्तुस्थिती अशी की, रविवारकाकांइतके उत्तम रीतीने काहीही न करणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. रविवारी दुपारी ते पडवीत खुर्ची टाकून बसत, दोन्ही तळहात वर करून मांडीवर ठेवत आणि समोरच्या आंब्याकडे पाहत. हातात पेपर नाही, मोबाइल नाही, तोंडात सुपारी नाही. आळशी माणूस बसतो तेव्हा तो कशातून तरी सुटून बसलेला असतो. काका कोणाच्या तरी निमंत्रणावरून बसल्यासारखे बसत. सोमवार ते शनिवार याच हातांना कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास येई. रविवारी मात्र साबणाचा.

त्यांच्या घरी रविवारी चूल पेटत नसे. काकांच्या पत्नी मार्थाकाकू होत्या तोवर त्या शनिवारीच भाकऱ्या थापून, बांगड्याचे तिखले करून, पाण्याची भांडी भरून ठेवत. त्यांच्या पश्चात हे सर्व काका स्वतः करू लागले. शिळे तिखले जास्त चांगले लागते असे ते म्हणत, आणि ते खरे आहे. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, ते भर पावसातही चालत जात. रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याचा रविवार माझ्यामुळे मोडेल, असा त्यांचा हिशेब. मी नववीपर्यंत शिकलो असलो तरी वादात मला मोठमोठे वकील वचकून असतात. मी विचारले, मग घरातला फ्रिज रविवारी बंद ठेवता काय? काका म्हणाले, "फ्रिज दमत नाही, शिगवण. तुम्ही दमता. बसा."

मी बसलो. तेव्हापासून जवळजवळ दर रविवारी बसत आलो. आम्ही देवघर असलेली माणसे. येशूशी माझे काही भांडण नाही, तसा व्यवहारही नाही. परंतु ती दुसरी खुर्ची माझी होती, हे या अर्जात नमूद व्हावे.

कारखान्याने साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीने द्यायचे ठरवले, तेव्हा काकांच्या वाट्याला बुधवार आला. मासळी वार पाहून येत नाही, निर्यातीचा माल थांबत नाही, असे मॅनेजरांचे म्हणणे होते, आणि ते खोटेही नव्हते. मॅनेजर थट्टेखोर होते. तुमच्या देवाला सातव्या दिवशी विश्रांती परवडली, कारण त्याच्याकडे परदेशची ऑर्डर नव्हती, असे ते सर्वांदेखत म्हणाले. माणसे हसली. काकाही हसले. मग म्हणाले, बुधवारी मी येतो, पगार कापा, रात्रपाळ्या द्या, फक्त रविवार मला द्या.

तो अर्ज मी लिहिला. माझ्या हातच्या अर्जाचा मसुदा वाचून साहेब लोक खुर्चीत सरळ होतात, असा अनुभव आहे. मॅनेजरांनी वाचला आणि एकच गोष्ट मागितली : रविवारी काम करणे ख्रिस्ती धर्मात निषिद्ध आहे, असा तुमच्या चर्चचा दाखला आणा. मला वाटले, काम झाले. दाखला मागणे म्हणजे अर्धी मंजुरी, हे कचेरीत सर्वांस ठाऊक असते.

आम्ही दोघे पाळकसाहेबांकडे गेलो. पाळकसाहेब सज्जन मनुष्य. त्यांच्या पदरी तीन गावांच्या मंडळ्या. चहा देऊन त्यांनी फार प्रेमाने समजावले की, तो दिवस देवाने माणसाला भेट म्हणून दिलेला आहे, मानेवर जू म्हणून नव्हे. जुना शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, शनिवारचा. आपण प्रभू उठला तो दिवस मानतो, आणि ज्याला सकाळी जमत नाही त्याने संध्याकाळी उपासना करावी, त्याचे मन देव पाहतो. मग ते खरी अडचण बोलले. मंडळीत नर्सा आहेत, एसटीत कंडक्टर आहेत, दुकानांत उभ्या राहणाऱ्या मुली आहेत. "दादा, तुमच्यासाठी मी हे लिहून दिले, तर त्या सगळ्यांना मी पापी लिहून दिल्यासारखे होईल. त्यांच्याकडे मी कोणत्या तोंडाने पाहू?"

काका म्हणाले, "नका लिहू." चहा मात्र पूर्ण प्यायले.

वाटेत मी संतापलो होतो. मी सुचवले की, चिपळुणास एक पंथ शनिवार अगदी कडक पाळतो, तेथून दाखला मिळेल, वाराचे मी मजकुरात सांभाळून घेईन. काका म्हणाले की, पाळकसाहेब चुकीचे नाहीत, मॅनेजरही चुकीचा नाही, आणि तेच वाईट आहे. कोणी चुकीचा असता तर तुमचा अर्ज चालला असता.

त्यांची कन्या रूथ तेव्हाच मुंबईत इस्पितळात नोकरीस लागली होती. तिने फोनवर बापाशी वाद घातला. मी रविवारी लोकांच्या जखमा धुते, मग मी काय धर्म मोडते? येशूने विसाव्याच्याच दिवशी आजारी माणसे बरी केली आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या, हे तुम्हीच मला शिकवले ना? काकांनी सांगितले की, तू करतेस ते बरोबर, तू कर. परंतु कोळंबी गोठवल्याने कोणी बरे होत नाही. रूथ म्हणाली, त्या कोळंबीवर माझे शिक्षण झाले, बाबा. लेकीचे हे बोलणे काकांनी मला जसेच्या तसे सांगितले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पुढे जे व्हायचे तेच झाले. रविवारची गैरहजेरी, नोटिसा, माझी उत्तरे, शेवटी पटावरून नाव कमी. कामगार कार्यालयात मी स्वतः खेटे घातले. तेथे मला विनयाने सांगण्यात आले की, सुट्टी दिलेली आहे. कोणता वार, हा कायद्याचा प्रश्न नाही. काका घरीच लोकांचे फ्रिज दुरुस्त करू लागले. तशात पाळकसाहेबांना सकाळी चिपळूण आणि संध्याकाळी रत्नागिरी अशी कसरत करावी लागू लागली, म्हणून येथील उपासना संध्याकाळी गेली. काका संध्याकाळी जातच, परंतु सकाळीही जुन्या वेळेला जाऊन कुलूपबंद देवळाच्या जांभ्याच्या पायरीवर बसत. मी एकदा विचारले, आत कोणी नाही, मग येथे कशाला? ते म्हणाले, "वेळ माझी नाही ना. ज्याची आहे तो आला, आणि येथे कोणीच नसले तर?"

छातीचे दुखणे सुरू झाल्यावर त्यांनी आमच्याकडे, म्हणजे रूथकडे आणि माझ्याकडे, एकच मागणे मागितले. मला रविवारी पुरू नका. आपल्याकडची जमीन म्हणजे कातळ. पहारीने जांभा फोडायला माणसाचा घाम निघतो. माझ्यासाठी कोणी त्या दिवशी पहार उचलू नये. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे स्टँपपेपर, असे बोलूनही गेलो.

काका शनिवारी संध्याकाळी गेले. भाकऱ्या झाल्या होत्या, पाणी भरलेले होते. शेजाऱ्यांनी त्या रात्रीपुरता बर्फ आणला. रविवारी सकाळी गाडीने रूथ आली. तिला सुट्टी रविवारचीच होती, सोमवारी सकाळी ड्युटी. पाळकसाहेबही सोमवारी रत्नागिरीत नव्हते. मी तिला वडिलांच्या मागण्याचे स्मरण करून दिले आणि ठामपणे सांगितले की, आजचा दिवस थांबू, मी बर्फाची व्यवस्था करतो. बर्फाचे कारखाने रविवारीही सुरूच आहेत.

रूथ बापाच्या उशाशी बसली होती. वर न पाहता तिने विचारले, "शिगवणकाका, तो बर्फ आज कोण फोडणार?"

मी पुष्कळ विचार केला. एका बाजूला पहार होती, दुसऱ्या बाजूला बर्फ फोडायचा टोच्या. दोन्हींच्या टोकाला कोणीतरी माणूस उभा होता, आणि वार रविवार होता. मधून वाट नव्हती. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की, प्रत्येक प्रकरणात एक वाट असते, ती लिहिता आली पाहिजे. रूथ उठली आणि म्हणाली, बोलवा बाळूला.

बाळू त्याच कारखान्यात आहे. त्याची सुट्टी बुधवारी असते. त्याने दफनभूमीत खणायला घेतले. वर हातभर माती, खाली जांभा. पहारीचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. मी जवळच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मध्ये मी त्याला म्हटले, जरा टेक. तो थांबला नाही. "टेकून चालायचा नाय, शिगवणदादा. दोनच्या पाळीला जायाचा हाय. आज काका असते तर बस म्हनाले असते, पन त्येंच्यासाठीच खनतोय न्हवं."

दोनच्या आत सर्व आटोपले. पाळकसाहेबांनी चिपळुणची उपासना लवकर आटोपून येऊन प्रार्थना केली. बाळू पहार धुऊन पाळीला गेला. रूथ संध्याकाळच्या गाडीने गेली. जाण्यापूर्वी तिने पडवीतल्या दोन्ही खुर्च्या आत ठेवून कुलूप लावले. घर विकायचे आहे. त्याचा मसुदा मीच करणार आहे.

येथे साक्षीपुरावा संपतो.

सबब अर्जदाराची नम्र विनंती अशी की, ज्या मनुष्याने कोणाचाही रविवार आपल्यापायी मोडू दिला नाही, त्याचा शेवटचा रविवार सर्व सज्जनांच्या हातून मोडला कसा, याची चौकशी होऊन न्याय मिळावा. न्याय देण्यासारखे काही उरले नसल्यास तसे लेखी कळवावे. अर्जदार रविवारी दुपारी बंद घराच्या पायरीवर असतो. तळहात वर करून बसून पाहतो, जमत नाही.

उत्तर लवकर मिळावे. मात्र ते रविवारी पाठवू नये. कोणालातरी ते घेऊन यावे लागेल.

आपला नम्र,
महादेव बाबू शिगवण