डायरेक्टरभाऊची हजेरी

दोष हेडमास्तरांचा. डोमा वाघाच्या हाक्याच्या दिवशी जंगलात राहून गेला आणि त्याला आणायला चाळीस माणसांतून एकही माणूस मागे फिरला नाही, याचा दोष त्यांचा. गावातली मोठी माणसं सिनेमावाल्याला शिव्या घालतात. घालोत. मुंबईतल्या माणसाला शिवी दिली की उद्या त्याच्यासमोर उभं राहावं लागत नाही. हेडमास्तर तर रोज सकाळी रस्त्यावर भेटतात.

त्या सिनेमाचे किस्से आमच्याकडे मोहाच्या फुलांसारखे पडतात. सकाळी टोपलंभर वेचा, दुसऱ्या सकाळी झाडाखाली पुन्हा तेवढेच. डेपोसमोरच्या हॉटेलात आम्ही तिघं-चौघं चहाला बसलो की कोणी ना कोणी सुरू करतोच. हसतो. मग एखादा चुकून डोमाचं नाव काढतो आणि सगळे कपात पाहत बसतात. म्हणून आज सगळे एका दमात सांगून टाकतो.

*

आलापल्लीच्या मंडईची जत्रा आटोपून तंबूचा सिनेमा आमच्या गावात आला, त्याच हंगामात आमच्या भागात वाघानं बैलं धरायला सुरुवात केली. दिवस कलला की दाराबाहेर कोणी पाय टाकेना. तंबूवाल्याचा धंदा बसला. शेवटी त्यानं भर दुपारी खेळ लावले!

तंबूला भोकंच भोकं, प्रत्येक भोकातून उन्हाची एक सळई. पडद्यावरची माणसं इतकी फिकी, की हिरो कोणता आणि मास्तर कोणता हे आवाजावरूनच ओळखायचं. त्याच्याकडे पिक्चर एकच होता. शाळेतल्या टारगट पोरांचा, हसवायचा. दोन महिने तोच. आम्ही तो पाहिला कमी आणि ऐकला जास्त. डायरेक्टरचं नाव जाहिरातीवर मोठ्या अक्षरात होतं, पण आमच्या तोंडात काही बसेना. आम्ही त्याला डायरेक्टरभाऊ म्हणायला लागलो, जसा काही तो पोंभुर्ण्याचा आमचा मामेभाऊ.

पिक्चरात एक सीन होता. मास्तर मान खाली घालून हजेरी घेतो आणि हिरो एकटाच पाच गैरहजर दोस्तांच्या पाच आवाजांत "हजर" म्हणतो. पहिल्या दिवशी आम्ही पोरं हसलोच नाही. मास्तरशी असं करता येतं? आमच्या पाठी आपोआप आखडल्या. पुढच्या खुर्चीवर आमचे हेडमास्तर बसले होते. ते मात्र पोट धरून हसले. बाहेर आल्यावर डोळे पुसत माझ्या बापाला म्हणाले, "शहरातले मास्तर असेच बावळट असतात, मुकादम."

माझा बाप लाकडाच्या डेपोत मुकादम. हेडमास्तर जे म्हणतील त्याला तो हो म्हणतो. तेव्हाही म्हणाला.

*

आता डोमा. तलावावर जाळं टाकून जगणारं घर, बाप लहानपणीच गेलेला, आई आणि हा. वर्गात माझ्या शेजारी बसायचा. भित्रा इतका की वाटेत वाळलेलं पान वाजलं तरी माझा सदरा धरायचा. पण सगळं गाव त्याच्या गळ्यात होतं. माझा आवाज तो माझ्याहून चांगला काढायचा. त्याचा आवाज मी त्याच्याकडूनच शिकलो. तोंड अर्धंच उघडायचं आणि "हजर"चा शेवट गिळायचा.

त्या दिवसांत वाघाच्या भीतीनं अर्धी पोरं घरी राहत. घरी राहिलेल्यांना हेडमास्तर दुसऱ्या दिवशी सोलून काढत. वाघ वाटेत, छडी शाळेत. या दोन्हींच्या मधून निघायची वाट डायरेक्टरभाऊनं दाखवली. रोज मी आणि डोमा मिळून दहा-बारा जणांची हजेरी देऊ लागलो. पहिल्या दिवशी डोमानं बाकाखाली माझा सदरा धरून ठेवला होता, पण आवाज एकही चुकला नाही.

हेडमास्तरांनी एकदाही मान वर केली नाही.

*

मग इन्स्पेक्टर आले. रजिस्टरात तेवीस पोरं, बाकांवर अकरा. इन्स्पेक्टरनी दोनदा मोजलं. हेडमास्तरांचा चेहरा तंबूतल्या पडद्यासारखा झाला.

"बाकीचे कुठे आहेत?"

"वाघाच्या भीतीनं आत्ताच घरी धाडले, साहेब."

"आत्ताच म्हणजे? वाघ आत्ता इकडे आहे?"

हेडमास्तर काही बोलायच्या आत साहेब जीपमध्ये होते. शेराबुक जीपमध्येच मागवून घेतलं. त्यात लिहिलं, "हजेरी समाधानकारक."

धूळ खाली बसल्यावर हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, आवाज कोण काढतो? डोमाची चड्डी ओली झाली होती. मी उभा राहिलो. शूर होतो म्हणून नाही. त्याच्याकडे पाहवेना म्हणून.

माझं नाव शाळेतून कापलं. बाप आला, त्यानं मला काही विचारलं नाही. आधी हेडमास्तरांच्या पाया पडला, मग त्यांना नीट दिसेल अशा जागी उभं करून मला मारलं. दुसऱ्या दिवसापासून हेडमास्तर पुन्हा तशीच खाली मान घालून हजेरी घेऊ लागले. माझ्या एका नावानं त्यांचं सगळं निस्तरलं होतं.

*

शाळेतून नाव गेल्यावर बापानं मला डेपोत ओंडक्यांवर नंबर मारायला लावलं. तिथं पाहतो तर मजुरांनीही तो पिक्चर पाहिलेला! बाप रोज सकाळी वही उघडून नावं घ्यायचा आणि अंगणभरून "हजर, हजर" यायचं. मान वर करायची तर गैरहजर दिसणार, गैरहजर दिसला तर रेंजरसाहेबाला कळवावं लागणार, कळवलं तर साहेब ओरडणार. म्हणून बाप वहीतच पाहायचा. भीतीनं माणसाची मान कशी वाकते ते मी घरातच पाहिलं आहे.

लच्मा नावाचा एक मजूर पोरीच्या लग्नाला सिरोंच्याकडे गेला. आठ दिवसांनी परत आला, कपाळाला हळद तशीच. बापानं त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "आठ दिवस कुठी होता बे?"

लच्मा म्हणाला, "कुठी म्हंजे? तुमच्या वहीत होतो नं, मुकादम."

*

आमचा नाकेदार जंगल राखायच्या पगारावर होता आणि जंगलाला सगळ्यात जास्त भ्यायचा. वाघानं तिसरा बैल धरल्यापासून त्यानं जंगलातला राऊंड बंद केला. घरात दाराला फळी लावून बसायचा. खाकीच्या खिशात मात्र हिरोसारखा कंगवा, आणि घडीघडी भांग पाडायचा.

एक दिवस त्याच्यावरचे डिप्टीसाहेब सायकलवर तपासायला आले. फाटकातूनच ओरडले, "नाकेदार! राऊंडवर गेला का नाही?"

आतून बायकोचा आवाज काढायच्या नादात नाकेदाराचा स्वतःचाच आवाज निघाला, "राऊंडवर गेलो आहो, साहेब."

डिप्टीसाहेबांनी जंगलाकडे पाहिलं. राऊंड झाला नाही असं म्हटलं, तर तो बघायला त्यांनाच जावं लागलं असतं. म्हणाले, "बरं. परत आला की कळव." आणि सायकल वळवली.

हा किस्सा सांगताना हॉटेलवाला स्वतःच टेबल बडवतो. मी हसतो, पण मला त्यात हसण्यासारखं फार दिसत नाही. ज्यांनी आम्हाला राखायचं, ती ही माणसं.

*

तंबू गेला त्याला तीन वर्षं झाली. परत येऊ दिला नाही. डोमाचं झाल्यावर मोठ्यांनी चावडीवर बसून ठरवलं की पोरं सिनेमानं बिघडली, तंबूला गावाच्या शिवेत पाय ठेवू द्यायचा नाही. ठराव हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात लिहिला.

पण डायरेक्टरभाऊ काही गेला नाही. परवा पाहिलं, तलावाच्या पाळीवर पाच-सहा वर्षांची लेकरं खेळत होती. एक मान खाली घालून नावं घेत होता. बाकीची झुडपांत दडलेली. एकच पोरगी सगळ्यांच्या आवाजात "हजर" म्हणत होती. यांच्यातल्या एकानंही तंबू पाहिलेला नाही. मी विचारलं, हा खेळ कोणी शिकवला?

पोरगी म्हणाली, "शिकवला नाई कोनं. हे तं पयलेपासूनच हाय."

*

आता हाक्याचं.

वाघ मारायचा परवाना घेऊन नागपूरकडचे तीन शिकारी साहेब आले. हाका म्हणजे असं, की चाळीस माणसांनी एका रांगेत डफडी आणि डबे बडवत जंगलातून चालायचं आणि समोर मचाणावर बसलेल्या बंदुकांकडे वाघ काढायचा. दर घरातून एक माणूस द्यायचा, असा पाटलाचा हुकूम. डोमाच्या घरात माणूस म्हणजे डोमाच. आमच्या घरातून मी.

आमच्याकडे हाक्याची एक जुनी रीत होती. जंगलात शिरताना प्रत्येकानं झाडाच्या बुडाशी एक खडा ठेवायचा, बाहेर आल्यावर एक उचलायचा. खडा उरला की एक माणूस आत राहिला. मग साहेब असो की कोणी असो, सगळ्यांनी डफडी घेऊन पुन्हा आत शिरायचं. यात लिहिणं नाही, वाचणं नाही, आणि दुसऱ्याचा खडा कोणी उचलत नाही. उचलला तर उचलणारा घरी मरतो, अशी भीती आहे.

त्या दिवशी हजेरी लिहायला हेडमास्तरांना बोलावलं होतं. त्यांनी खडे पाहिले आणि पायानं बाजूला सारले. "सरकारी परवान्याचं काम आहे. साहेबांसमोर हा रानटीपणा नको." सागाखाली टेबल मांडलं, रजिस्टर उघडलं. म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. माझा बाप त्यांच्यात होता. त्यानं तर टेबल उचलून आणलं होतं.

डोमा सकाळीच माझ्याकडे आला होता. ओठ पांढरे.

"मले नाई जमत," म्हणाला. "मी रांगीच्या टोकाले राह्यतो अन् नाल्यानं घरी निंगून जातो. तू हजर म्हणजो."

"म्हणतो."

"हेडमास्तरले समजलं तं?"

"तो वर पाह्यते का कधी?"

हे ऐकून तो जरा हसला. माझा सदरा धरून ठेवला होता तो सोडला.

हाका सुरू झाला. डोमा नाल्याच्या बाजूला, अगदी टोकाला होता. अर्ध्या वाटेवर मी पाहिलं, तर टोक रिकामं. पोचला असेल म्हटलं. थोड्या वेळानं नाल्याकडून एक आवाज आला. एकच, जाडसर, जमिनीतून आल्यासारखा. सगळी डफडी थांबली. मग सगळ्यांनी दुप्पट जोरानं बडवायला सुरुवात केली, वाघासाठी नाही, आपल्या स्वतःच्या कानांसाठी. मीही डबा बडवला.

मचाणासमोर काहीच निघालं नाही. साहेब लोक चिडून खाली उतरले. एक जण बंदूक पुसत म्हणाला, वाघ रांग फोडून नाल्यानं मागे गेला.

मी ते ऐकलं. सांगावं तर डोमा पळाला हे उघड होतं, मग त्याला पाटील फोडणार, मला बाप. आणि तो घरी पोचलाच असेल, आईजवळ चुलीपुढं बसला असेल, असंही मी मनात दहा वेळा म्हटलं.

हेडमास्तर नावं घेऊ लागले. मान खाली, बोट ओळीवर. एकेक जण हजर म्हणत होता.

"डोमा."

मी तोंड अर्धं उघडलं, शेवट गिळला. "हजर."

आणि नाल्याकडच्या झाडीतून, लांबून, अगदी बारीक आवाजात पुन्हा आलं, "हजर."

सगळे हसले. तो पिक्चर पाहिला नव्हता असा तिथं एकही नव्हता. कोणीतरी म्हणालं, आज दोन दोन हिरो आले. बापही हसला. हेडमास्तरांनी मान वर केली नाही.

"एकदाच बोला," म्हणाले, आणि पुढचं नाव घेतलं.

मी झाडीकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे पाहिलं. माझं नाव आलं तेव्हा मी हजर म्हणालो.

दिवस कलता कलता डोमाच्या आईनं आणि तलावावरच्या चौघांनी त्याला नाल्यातून खाटेवर घालून आणलं. चांद्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय मांडीतून कापला.