विहारातला उदास बुद्ध

आमच्या अंबरनाथच्या घरात उदास बसायला बंदी होती. कुणी खिडकीशी गप्प बसलेलं दिसलं की पप्पा दारातूनच म्हणत, "काय सुतकी चेहरा करून बसलीस? ऊठ, तोंड धू." धम्मदीक्षा घेतलेलं आमचं घर. सुतक कुणी पाळत नव्हतं, बोलण्यात तेवढं उरलं होतं. पप्पांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या आजीने आयुष्य रडून काढलं, आईने अर्धं. आता पुढच्यांनी शिकायचं, नोकऱ्या करायच्या आणि हसतमुख राहायचं. हसतमुख हा शब्दही ते दरडावूनच उच्चारत.

आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात पाचसहा जण तिच्याबद्दल बोलले, आणि शेवटी विहार कमिटीचे सेक्रेटरी म्हणून पप्पा उठले. स्वतःच्या बायकोच्या पुण्यानुमोदनात त्यांनी आभारप्रदर्शन केलं. मंडपवाल्याचे आभार, आचाऱ्याचे आभार, गावाहून आलेल्यांचे विशेष आभार. सगळ्यांची नावं आली, आईचं आलं नाही. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवत. मला तिच्याबद्दल बोलायचं होतं, आणि दुसऱ्या कुणाशी नाही, त्यांच्याशीच. तो योग काही येत नव्हता.

उल्हासनगरच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. एकदा मॅडमनी विषाद शिकवला. जुन्या काळी युरोपात म्हणे समजूत होती, की अंगात काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो. चित्रकार अशा माणसाला हमखास हातावर गाल टेकवून बसलेला दाखवत. जास्त विचार करणाऱ्यांना हा विकार व्हायचाच, असंही काही जण मानत. मी तर हरखूनच गेले. ज्यासाठी मी घरात बोलणी खात होते त्याला एवढं मोठं खानदान होतं! घरी येऊन मोठ्या तोंडाने पप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पित्तच ना? मग उपाशीपोटी चहा बंद कर." माझ्या तत्त्वज्ञानाचं घरात हे असं व्हायचं.

त्याच सुमारास विहाराच्या समोरच्या भिंतीवर बुद्धाचं मोठं चित्र काढायचं ठरलं. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर मिळाला. फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडे कामं कमी झाली होती. पडदा लावून तो आठवडाभर आत रंगवत होता. रविवारच्या वंदनेला पडदा काढला. चीवराचा रंग सुरेख होता, पिंपळाचं पान न् पान मोजून घ्यावं असं. पण चेहरा उदास होता. ओठांची टोकं जराशी खाली आणि अर्धे मिटलेले डोळे थकलेले, कुणाला तरी पोचवून आलेल्या माणसासारखे.

वंदना झाल्यावर तिथेच सतरंजीवर मीटिंग बसली.

"बुद्ध असा रडका?" शेजारचे एक काका म्हणाले. "बाहेरचे लोक काय म्हणतील?"

"मला तर बरा वाटतो," मागून एक मावशी म्हणाल्या. "आपलं ऐकून घेतोय असं वाटतं."

शेवटी पप्पा बोलले. "दुःखातून बाहेर पडायचा मार्ग ज्याने सांगितला, तोच आत अडकल्यासारखा दिसला, तर मार्ग पटेल कुणाला? पौर्णिमेच्या आत ओठ नीट करून घेऊ."

मुद्दा बिनतोड होता. माझ्या अर्ध्याकच्च्या तत्त्वज्ञानालाही तो मानावा लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी कारखान्याची हाफ डे करून पप्पा पेंटरवर लक्ष ठेवायला विहारात गेले. मी थर्मासमधून चहा घेऊन पोचले तेव्हा पेंटर बारीक ब्रश घेऊन स्टुलावर चढला होता.

"साहेब, कितना उठाऊं? तुम्ही बोला, तेवढंच करतो."

पप्पा नीट दिसावं म्हणून चार पावलं मागे गेले. बघत राहिले. मग खाली बसले. पेंटरने पुन्हा विचारलं. मी कप पुढे केला तर त्यांनी तो घेतलाच नाही, चष्मा काढून हातात धरला. पप्पा रडत होते. तोंडातून आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी इतकी घाबरले की कप हातात धरून उभीच राहिले. पेंटर शहाणा, तो खाली उतरला आणि पाठ करून कोरडाच ब्रश धूत बसला.

चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत पप्पा म्हणाले, "राहू दे."

"आणि कमिटी?" मी विचारलं.

"मी सांगतो."

पुढच्या मीटिंगला त्यांनी एवढंच सांगितलं, की पेंटर येऊन गेला, चेहरा आता बरोबर आहे. ते शेजारचे काका चित्राकडे निरखून म्हणाले, "हां, आता कसा प्रसन्न वाटतो!" मला हसू आवरेना. ती भिंत आता राहिली नाही. विहार नवा झाला, टाइल्स लागल्या, संगमरवरी मूर्ती आली. मूर्ती छान आहे, पण मला ती भिंत फार आठवते.

त्याहून जास्त आठवते ती त्या शनिवारची परतीची वाट. थर्मास पप्पांच्या हातात होता. नाक्यापर्यंत आलो. मग ते एकदम म्हणाले, "तुझी आई पोळ्या लाटताना एक गाणं म्हणायची. मी घरात शिरलो की थांबायची."

"का?"

"मीच एकदा म्हटलं होतं, असली रडकी गाणी नकोत म्हणून." थोडं चालून त्यांनी विचारलं, "तुला येतं का गं ते?"

मला येत होतं. रिक्षांचे हॉर्न वाजत होते, लोक भाजीच्या पिशव्या सावरत जात होते, त्यातच मी हळू आवाजात म्हणायला लागले. शेवटचं कडवं मला येत नव्हतं. ते पप्पांनी म्हटलं, एकही शब्द न चुकता.